सोंग, नाव आणि क्रमांक

१

व्यक्तीची ओळख आणि व्यक्तीची नोंद या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण व्यवहारात गृहीत धरून चालतो. नोंद बिनचूक झाली की ओळख पटली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहावयाचे आहे. त्याचे निमित्त मात्र अगदी किरकोळ आहे.

शहापूर तालुक्यातील माझ्या परिचयाचा एक तरुण रूपे घेऊन खेळणाऱ्या एका समूहाची व्यवस्था पाहतो. या समूहातील सभासद एकमेकांपासून दूर राहतात. कोणी शहापुरात, कोणी किन्हवलीत, कोणी मुरबाडला, तर काही शिक्षणासाठी वा नोकरीसाठी कल्याण-पुण्याकडे गेलेले. संगणकाच्या साहाय्याने ते एकत्र येतात. प्रत्येकाने एक पात्र धारण करायचे, राजा, हेर, वैदू किंवा दरोडेखोर व्हायचे, आणि त्या पात्राच्या तोंडून बोलत सर्वांनी मिळून एक लांबलचक कथा पुढे न्यायची, असे या खेळाचे स्वरूप. सभासदांची संख्या साठावर गेली, एकाच नावाचे दोघे-तिघे झाले, तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्या कोणाचाही नसेल असा एक संकेतांक देणे त्याला आवश्यक वाटू लागले. तो कसा तयार करावा, हे विचारण्यासाठी तो माझ्याकडे आला होता.

त्याने एक योजना करून आणली होती. पात्राच्या नावाचे आद्याक्षर, त्यापुढे गावाचे आद्याक्षर, सामील झाल्याचे वर्ष आणि शेवटी अनुक्रमांक. योजना सुटसुटीत होती. परंतु तिच्याविषयी बोलू लागताच अडचणी पुढे आल्या. राजा झालेल्या खेळाडूने उद्या वैदूचे पात्र घेतले, तर त्याचा संकेतांक बदलायचा काय? बदलला तर तो एकमेव कसा राहिला? एकाने एकाच वेळी दोन पात्रे घेतली तर? एखादा खेळाडू निघून गेला आणि त्याचे पात्र दुसऱ्याने चालवले, तर संकेतांक कोणाचा: गेलेल्याचा, आलेल्याचा, की दोघांनाही पुरून उरणाऱ्या त्या पात्राचा? तांत्रिक म्हणून सुरू झालेला प्रश्न अशा रीतीने 'कोण' या जुन्या तात्त्विक प्रश्नापाशी येऊन पोचला. खेळापुरता तो सोडवता येईलही. परंतु हाच प्रश्न ज्यांच्या बाबतीत खेळाचा नाही, अशी माणसे याच दोन तालुक्यांत राहतात, आणि त्यांच्यासाठी तो धान्याचा व प्रवेशाचा प्रश्न असतो.

२

संकेतांकांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला अर्थवाही, म्हणजे ज्याच्या अवयवांतून काही माहिती कळते असा. दुसरा निरर्थ, म्हणजे ज्याच्या अंकांना स्वतःचा काहीही आशय नाही असा.

पहिल्याचे आपल्या नित्य परिचयातले उदाहरण म्हणजे टपालाचा पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमलात आला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याशी संबंधित अधिकारी असले तरी संस्कृत कवी आणि नाटककार म्हणूनही त्यांची ख्याती होती, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. या सहा अंकांतील पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय. शहापूरचा ४२१६०१ आणि मुरबाडचा ४२१४०१ हे दोन क्रमांक शेजारी ठेवले तर त्यांतील ४२१ हा समान भागच त्यांचे शेजारपण सांगतो. कल्याण, डोंबिवली, भिवंडी हीही त्याच कुटुंबातली. हा संकेत वाचता येतो, कारण तो स्थळाचा आहे आणि स्थळे जागा सोडत नाहीत. माणसाच्या बाबतीत मात्र अर्थवाही संकेत लवकरच खोटा ठरतो. माणूस गाव सोडतो, काम बदलतो, पात्र बदलतो. शिवाय अर्थवाही संकेतातून केवळ माहितीच नव्हे, तर श्रेणीही कळू लागते. समूहात आधी आलेल्यांच्या क्रमांकात जुने वर्ष दिसले की तोच मान होऊन बसतो. गावाचे अक्षर दिसले की 'आपला' आणि 'बाहेरचा' हा भेद सुरू होतो. जे सांगण्याची गरज नव्हती ते संकेत न विचारता सांगत राहतो.

म्हणून जाणती व्यवस्था निरर्थ संकेताकडे वळते. 'आधार'चा बारा अंकी क्रमांक या प्रकारचा आहे. त्यात जात, गाव, लिंग, वय यांपैकी कशाचीही सूचना नाही. त्यातले अंक यदृच्छेने निवडलेले असतात. पहिला अंक शून्य किंवा एक नसतो, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला पडताळणीचा अंक असतो. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेली ही पद्धत एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक हमखास पकडते.

आपल्या व्याकरणपरंपरेच्या परिभाषेत बोलायचे तर हा शुद्ध यदृच्छाशब्द होय. पतंजलीच्या महाभाष्यात शब्दांच्या प्रवृत्तीचे चार प्रकार येतात: जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा. गाय, शुभ्र, चालणारी या शब्दांना वस्तूत काहीतरी आधार असतो. 'डित्थ' या नावाला तो नसतो, नाव ठेवणाऱ्याची इच्छा हाच त्याचा आधार. पुढे काव्यशास्त्रानेही ही विभागणी स्वीकारली. परंतु विशेषनाम पूर्णपणे निराधार क्वचितच असते. आजीचे नाव नातीला ठेवले जाते, आषाढात जन्मलेल्याचे नाव विठ्ठल असते. क्रमांक मात्र त्या टोकाला जातो, जिथे इच्छाही उरत नाही. सोस्यूरने भाषेविषयी जे म्हटले, की तिच्यातील चिन्हाला मूल्य येते ते इतर चिन्हांहून असलेल्या त्याच्या वेगळेपणामुळे, ते भाषेला पूर्णांशाने लागू पडते की नाही हा वादाचा विषय होऊ शकेल. क्रमांकाला मात्र ते अक्षरशः लागू पडते. दुसरा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक बारकावा नजरेतून सुटू नये. चार अंकी क्रमांक यदृच्छेने वाटले तर दहा हजार क्रमांक उपलब्ध असतात. साठ सभासदांना ते सहज पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात साठांपैकी कोणातरी दोघांना एकच क्रमांक मिळण्याची शक्यता शेकडा सोळाच्या आसपास असते, आणि सभासद सुमारे एकशेवीस झाले की ती निम्म्यावर जाते. म्हणजे क्रमांक कितीही निर्हेतुक असला, तरी प्रत्येक वेळी कोणीतरी वही उघडून तो आधी कोणाला दिला आहे काय हे पाहावेच लागते. क्रमांकाचे एकमेवत्व क्रमांकात नसते. ते वहीत असते, आणि वही सांभाळणाऱ्याच्या दक्षतेत असते. त्याचप्रमाणे पडताळणीचा अंक क्रमांक स्वतःशी सुसंगत आहे एवढेच सांगतो. तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा आहे की नाही, याविषयी तो मुका असतो. त्यासाठी वेगळा साक्षीदार लागतो.

३

हा साक्षीदार कोण, याचे उत्तर त्या तरुणाच्या घरातच होते. शहापूरपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत आणि पलीकडे नाशिक-अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यापर्यंत बोहाड्याची परंपरा आहे. देवदेवता, दैत्य आणि पुराणातील व्यक्ती यांचे मुखवटे चढवून, टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-सनईच्या साथीने रात्रभर सोंगे नाचवली जातात. अनेक गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे परंपरेने चालत येतो. या तरुणाच्या आजोबांकडे नरसिंहाचे सोंग होते. आता ते त्याच्या काकांकडे आहे. रूपे घेऊन खेळणाऱ्यांचा समूह त्याला संगणकावर प्रथम भेटला असे नव्हे. तो अशाच एका समूहात जन्मला होता.

'सोंग' या शब्दाला शहरी मराठीत ढोंगाचा वास येतो. झोपेचे सोंग, आजाराचे सोंग असे आपण म्हणतो. बोहाड्यातले सोंग यापेक्षा निराळे आहे. मुखवटा चढलेल्या माणसापुढे बायकामाणसे हात जोडतात, आणि त्याच वेळी तो अमक्याचा मुलगा आहे, हेही त्यांना पक्के ठाऊक असते. या दोन जाणिवा एकमेकींना खोडून काढत नाहीत. नरसिंह कोण, हा एक प्रश्न. नरसिंह आज कोणी नाचवला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तेच असते, दुसऱ्याचे दर पिढीला बदलते. दोन्हींची नोंद गावाच्या स्मरणात स्वतंत्रपणे असते. तरुणाच्या योजनेतील दोष यामुळे स्पष्ट झाला. त्याने पात्र आणि पात्रधारी यांना एकाच संकेतात जखडले होते. त्याच्या आजोबांच्या गावाने तसे कधीच केले नव्हते.

मराठी साहित्याचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. राम गणेश गडकरी यांनी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने लिहिल्या, विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने केले आणि नाटके स्वतःच्या नावाने. एकाच हाताची ही तीन सोंगे. विष्णु वामन शिरवाडकर कवितेत 'कुसुमाग्रज' झाले. या टोपणनावांची घडण ध्यानात घेतली म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट जाणवते. गोविंदाचा थोरला भाऊ, कुसुमचा थोरला भाऊ: कवीने आपले वेगळे नाव घडवले ते दुसऱ्याच्या नावातून, एका नात्यातून. जनाबाईने तर नामदेवाची दासी म्हणूनच आपली नाममुद्रा घडवली. इतरांपासून तोडून घेऊन वेगळे होणे हा एकमेव होण्याचा एक मार्ग झाला. कोणाशी तरी असे जोडले जाणे की ते नाते दुसऱ्या कोणाचे असू शकत नाही, हा दुसरा. क्रमांकाला पहिला मार्गच ठाऊक असतो.

नात्यातून येणारे हे एकमेवत्व निर्दोष असते, असे मात्र समजू नये. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही एका अर्थी कवीचा संकेतांकच होय. पण ती कोणालाही घेता येत असे. 'नामा' या मुद्रेच्या रचनांत तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेवांच्या रचना कोणत्या आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याच्या कोणत्या, हा निवाडा करताना अभ्यासकांना भाषा, छंद, हस्तलिखितांची परंपरा असे अनेक पुरावे धुंडाळावे लागले. दुसऱ्याची मुद्रा घेणाऱ्याला ती फसवणूक वाटली असेलच असे नाही. कदाचित ती भक्ती असेल. परंतु वाचकाला 'हे कोणाचे' असा प्रश्न पडतो आणि तो रास्तही असतो. नाव पुरेसे नसते तेव्हा नोंदीची गरज निर्माण होते, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

४

नाव पुरेसे नसणे म्हणजे काय, याचा अधिक कठोर अनुभव शहापूर-मुरबाडच्या ठाकूर समाजाला आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच नोंदीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशी नावे येतात. जमातीच्या नावाआधी लागलेली ही एकाक्षरी खूण म्हणजे शासनदफ्तरात शिरलेला एक संकेतच. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी ही मान्यता ठरावीक क्षेत्रांपुरती होती. दुरुस्तीनंतर ते बंधन गेले. परंतु ठाकूर हे आडनाव आदिवासी नसलेल्या समाजांतही आढळते. साहजिकच केवळ नावावरून जमात ठरेना, आणि मागणी करणाऱ्याने आपण खरोखर त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करावे, अशी व्यवस्था आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. मागणी करणाऱ्याचे दैवत, विधी, विवाहाची रीत, अंत्यसंस्कार अशा गोष्टी तपासण्याचा त्यात समावेश होता. कार्यालयीन मराठीत या कसोटीला आप्तभाव चाचणी म्हणतात.

या चाचणीमागचा हेतू चांगला होता यात शंका नाही. खोट्या दाखल्यांनी खऱ्यांच्या जागा बळकावल्या जात होत्या. परंतु ज्याचा बाप मुरबाडच्या पाड्यावरून उल्हासनगरच्या कारखान्यात गेला आणि जो स्वतः चाळीत वाढला, अशा मुलाला लग्नातील विधींचा क्रम विचारला की काय होते याची कल्पना करावी. तो उत्तरे पाठ करून जातो. जे जगण्यात होते ते आता त्याला परीक्षेसाठी वठवावे लागते. आपल्याच जमातीचे त्याला सोंग घ्यावे लागते. आणि सोंग वठवण्यात अभ्यास केलेला तोतया खऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो. २०११ साली आनंद विरुद्ध पडताळणी समिती या प्रकरणात, स्थलांतर आणि आधुनिक जीवन यांमुळे पारंपरिक लक्षणे जुळतीलच असे नाही, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. पुढे २४ मार्च २०२३ रोजी, महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात, आप्तभाव चाचणी ही अंतिम निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

या वादातून निघणारा नैतिक मुद्दा असा की, ओळख तपासणारा आणि ओळख सांगणारा यांच्यातील संबंध विषम असतो. मराठीत 'ओळख' हा शब्द मुळात दुतर्फा आहे. माझी त्याच्याशी ओळख आहे, म्हणजे त्याचीही माझ्याशी आहे. 'ओळखपत्र' या समासात हे दुतर्फापण नाहीसे होते. तिथे एकाने दाखवायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. तपासणाऱ्याला स्वतःची ओळख द्यावी लागत नाही.

५

मुरबाड तालुक्यातील एका पाड्याजवळच्या स्वस्त धान्य दुकानात काही वर्षांपूर्वी पाहिलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. एक वृद्ध कातकरी बाई यंत्रावर बोट ठेवत होती. उजव्या हाताची बोटे झाली, मग डाव्या हाताची झाली. दुकानदाराने फडक्याने तिची बोटे पुसली, पुन्हा ठेवायला सांगितली. आयुष्यभर वीटभट्टीवर माती मळलेल्या त्या बोटांवर रेषा जवळजवळ उरल्या नव्हत्या. रांगेतल्या दोघी-तिघी तिच्या पाड्यावरच्याच होत्या. शेवटी दुकानदार म्हणाला, "आजी, मी वळखतो गं तुला. पन मशीन नाय वळखत." बाई काही बोलली नाही. पिशवीची घडी करून ती कडेला बसली आणि पुढच्या बाईला जागा झाली.

दुकानदार दुष्ट नव्हता. त्याने खोटेही सांगितले नाही. परंतु त्याच्या वाक्यात एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. ज्याला ठाऊक आहे आणि जो खरे सांगतो, त्याचे सांगणे. त्या दुकानात दुकानदाराचे प्रत्यक्ष होते, शेजारणींचे आप्तवचन होते. ज्ञान म्हणून ज्याला मान्यता मिळावी असे सारे तिथे हजर होते. तरीही ज्ञात व्यक्ती अज्ञात ठरली. आप्तभाव चाचणीत व्यवस्था आप्तभावाचा पुरावा मागत होती. येथे आप्त स्वतः उभे होते आणि त्यांना कोणी विचारले नाही.

बारा अंकांचा विचार करताना म्हशाच्या जत्रेचीही आठवण होते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणारी ही जत्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. अलीकडच्या काळात गुरांच्या कानातही बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आला आहे. लसीकरणाची नोंद ठेवण्यासाठी तो उपयोगी आहे. पण खरेदीला आलेला शेतकरी बिल्ला वाचून थांबत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, भोवरा पाहतो, चालवून पाहतो आणि विकणाऱ्याला त्याचे नाव विचारतो. बैलाच्या बाबतीत क्रमांकानंतरही पाहणे चालू राहते. त्या बाईच्या बाबतीत ते क्रमांकापाशी संपले.

६

येथे या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो मलाच अधिक अस्वस्थ करतो. गावाच्या ओळखीचे इतके गुणगान कशासाठी? गाव त्या बाईला ओळखत होते म्हणजे नेमके कसे ओळखत होते? कातकऱ्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखले ते संशयाने. सावकार आपल्या वेठबिगाराला अत्यंत जवळून ओळखत असे. बापाचे कर्ज मुलाच्या नावावर ओढताना त्याला कोणत्याही ओळखपत्राची गरज पडली नाही. वेठबिगार पद्धत रद्द करणारा कायदा १९७६ साली आला, आणि त्यानंतरही मुक्त झालेल्या माणसाला सर्वांत आधी कशाची गरज होती, तर गावाच्या मर्जीवर अवलंबून नसलेल्या एका कागदाची. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबाला तिथे ओळखणारे कोण असते? २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावापासून 'आधार'चे वाटप सुरू झाले, तेव्हा आश्वासन हेच होते: ज्याला कोणी आप्त नाही, त्यालाही स्वतःची ओळख असेल. या आश्वासनाचे नैतिक मूल्य नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. निरर्थ क्रमांकाला जात दिसत नाही, हे त्याचे दैन्य नव्हे. हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

आक्षेप मान्य करूनही एक भेद शिल्लक राहतो. एखादी गोष्ट पुरेशी असणे वेगळे आणि ती अनिवार्य असणे वेगळे. परक्या गावात भट्टीवर गेलेल्या माणसाजवळचा क्रमांक त्याच्या हक्कासाठी पुरेसा असावा. तिथे कोणी त्याला 'तू कोण, कोणाचा' असे विचारू नये. परंतु तोच क्रमांक, किंवा त्यामागचे यंत्र, बोलले नाही, तर हक्क संपला असे होता कामा नये. सावकाराच्या लहरीपासून क्रमांक वाचवतो. यंत्राच्या आंधळेपणापासून आप्त वाचवतो. होकार देण्याचा अधिकार दोघांनाही असावा, नकार देण्याचा दोघांपैकी एकट्याला असू नये. २०१६ च्या आधार कायद्याने क्रमांक न मिळालेल्या व्यक्तीसाठी ओळखीच्या पर्यायी साधनांची तरतूद केली आहे. म्हणजे हे तत्त्व कायद्याला अपरिचित नाही. प्रश्न आहे तो दुकानातल्या दुकानदाराला 'मी ओळखतो' हे वाक्य पूर्णविरामाने संपवता येण्याचा.

कोणी असेही म्हणेल की दुतर्फा होकाराच्या या व्यवस्थेत तोतयांना वाव मिळेल. मिळेल. विष्णुदास नाम्याच्या काही रचना नामदेवांच्या गाथेत शिरल्या, तशी काही चुकीची माणसेही यादीत शिरतील. परंतु दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नसते. गाथेत शिरलेला परका अभंग पुढचा अभ्यासक वेगळा काढू शकतो. गाथेबाहेर राहिलेला, कोणी लिहून न घेतलेला अभंग मात्र कोणालाच परत आणता येत नाही. त्या बाईचे त्या महिन्याचे धान्य या दुसऱ्या प्रकारात मोडते.

तरुणाच्या संकेतांकाचे पुढे काय झाले, हे सांगणे उरले आहे. त्याने जुनी योजना सोडून दिली. आता प्रत्येक खेळाडूला एक पाच अंकी निरर्थ क्रमांक मिळतो. त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो. क्रमांक खेळाडूचा असतो, पात्राचा नव्हे. पात्रांची यादी वेगळी ठेवली आहे आणि कोणते पात्र कधी कोणी चालवले हे तिच्यात लिहिले जाते. कोणी समूह सोडून गेला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला दिला जात नाही. या सर्व गोष्टी कोणत्याही दक्ष माणसाला सुचल्या असत्या. परंतु वहीत त्याने शेवटी एक रकाना वाढवला आहे. त्याचे शीर्षक आहे, 'कोण ओळखते'. त्यात प्रत्येक सभासदापुढे समूहातल्याच दोघांची नावे आहेत. एखाद्याचा क्रमांक हरवला वा विसरला, तर त्या दोघांनी शब्द दिल्यावर तो पुन्हा आत येतो.

नरसिंहाचे सोंग या वर्षी नाचवायचे की नाही, याविषयी त्याच्या काकांनी त्याला विचारले आहे. त्याने अजून उत्तर दिलेले नाही. पण त्यासाठी त्याला कोणताही क्रमांक लागणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. आणि गावाबाहेरच्या भट्टीवर असलेल्या कोणालाही तसे म्हणता येत नाही, हेही.